चार नंबर खाली

टिंग.

दुपारचे अडीच. लेक मैत्री झोपलेली, सासरे भाऊराव बैठकीत तोंडावर पेपर घेऊन झोपलेले, इंदूरच्या स्नेहलतागंजातली ती अख्खी गल्ली झोपलेली; आणि दिवसातला जो पाऊण तास आपल्या एकटीचा असतो तो पंचशीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अगदी पुरवून पुरवून वापरत होती. त्यात हा आवाज. स्टीलच्या वाटीत काहीतरी बारीक, लोखंडी पडल्याचा. तिनं मान वळवली. मसाल्याच्या डब्यातली हळदीची वाटी रिकामी करून तिचा नवरा संघदीप तीत एकेक स्क्रू टाकत होता.

"हळद पेपरवर काढून ठेवलीये," तो म्हणाला. "गाडीचं जरा काम आहे. अर्धा तास, बस."

संघदीपच्या अर्ध्या तासाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. तो मिलच्या टाइम ऑफिसात होता. कोण किती वाजता आत आलं, कोण किती वाजता बाहेर गेलं, याच्या नोंदी करण्यात त्याची चौदा वर्षं गेली. मिल बंद झाली त्या दिवशी वेळ त्याच्या हातातून जी सुटली ती सुटलीच. तेव्हापासून जगातलं प्रत्येक काम अर्ध्या तासाचं झालं. छताचा पंखा पुसायला त्यानं अर्धा तास मागून घेतला होता आणि घरानं तीन रात्री घामात काढल्या होत्या. रोज सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याला तो अजूनही उठून बसे. भोंगा वाजत नसे, पण हा बसे.

तर कामाचं कारण असं, की पंचशीलाला ऑर्डर आली होती. सांवेर रोड ओलांडून पस्तीस किलोमीटर आत, पिपल्याखेडी नावाच्या गावी, प्राथमिक शाळेत शिक्षाकर्मी म्हणून. पंधरा दिवसांच्या आत, शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत हजर व्हायचं; नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला जागा. यादीत पुढं एकशे सात नावं होती. घरात दोन वर्षांनी कुणाच्या तरी नावानं सरकारी पाकीट आलेलं, त्यामुळं ते पाकीट आठवडाभर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं होतं.

वरच्या मजल्यावरचे अप्पासाहेब, निवृत्त मराठी शिक्षक, ऑर्डर चष्म्याजवळ धरून म्हणाले, "शिक्षाकर्मी. काय पद निघालंय. आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे दंड. आता तू शिक्षा देणारी की भोगणारी, तेवढं आधी विचारून घे." आणि स्वतःच पोटभर हसले. अप्पासाहेब इंदुरात जन्मले, इंदुरात रिटायर झाले, भाजीवाल्याशी हिंदीत भांडले. पण शुद्ध मराठीची जबाबदारी कुणीतरी आपल्यावर सोपवून गेलंय अशा चेहऱ्यानंच ते जिना उतरत.

पिपल्याखेडीला एक बस जाते. सकाळी साडेसहाला. पंचशीलाला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. कमीपणा संघदीपला वाटला.

"घरात गाडी असताना माझी बायको बसनं जाणार?"

गाडी भाऊरावांची. फौजेत त्यांनी आयुष्यभर ड्रायव्हरी केली, शेवटी महूच्या छावणीत, आणि बदलीवर जाणाऱ्या एका कर्नलसाहेबानं तीन वर्षं वापरलेली छोटी गाडी त्यांना देऊन टाकल्यासारखी दिली. नव्या चालीची गाडी. पेट्रोल किती सोडायचं ते आत बसवलेला कंप्यूटर ठरवतो. भाऊराव त्या गाडीला रोज सकाळी पुसत आणि रविवारी विहारापर्यंत चालवत. एवढंच तिचं आयुष्य होतं, आणि ती सुखात होती.

पण रोज सत्तर किलोमीटर म्हटल्यावर सवाल आला एवरेजचा. इंदुरात माणसाला आधी एवरेज विचारतात, मग नाव. आणि इथं संघदीपच्या डोक्यात तो डबा शिरला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, त्यातून माणसाच्या आतड्यांसारख्या रंगीत तारा निघालेल्या, वर एक लाल दिवा आणि एक हिरवा. मल्हारगंजात तुकोजी म्हणून मिलचा जुना इलेक्ट्रिशियन टेपरेकॉर्डर दुरुस्त करी, त्यानं दिल्लीहून असे चार आणले होते.

"हा काय करतो?" पंचशीलानं विचारलं.

संघदीपचा चेहरा उजळला. "बघ. गाडीचा कंप्यूटर इंजिनाला विचारतो, किती गरम आहेस, हवा किती घेतोयस. त्यावरून तो पेट्रोल सोडतो. हा डबा मध्ये बसतो. इंजिनाचं उत्तर ऐकतो, आणि कंप्यूटरला जरा वेगळं सांगतो."

"म्हणजे एका कंप्यूटरशी खोटं बोलायला आपण दुसरा कंप्यूटर घेतला."

"खोटं नाही गं. ट्यूनिंग."

"फौजेत याला कोर्ट मार्शल म्हणतात," पेपराखालून भाऊराव म्हणाले. ते झोपलेले नव्हते तर.

तुकोजीनं दुकानात डबा हातात देताना सगळं समजावून दिलं होतं. आत सहा नंबर. प्रत्येक नंबरला एकाखाली एक अशा तीन बारीक सुया, आणि सुयांवर घालायला उडदाच्या डाळीएवढी काळी टोपी. टोपी वरच्या दोन सुयांवर बसते किंवा खालच्या दोन सुयांवर. तुकोजीचे शब्द संघदीपनं टाइम ऑफिसच्या शिस्तीनं पावतीच्या मागं लिहून आणले होते: बाकी टोप्या वर लावायच्या, चार नंबर खाली ठेवायचा.

त्यानं लावल्या. पाच टोप्या वर, चार नंबरची खाली. डबा बसवायला जागा निघाली ती डॅशबोर्डच्या खणात, जिथं भाऊरावांची सुपारी, जादा चष्मा आणि विहाराची वर्गणीपुस्तकं राहत. ती मंडळी विस्थापित झाली. सुपारी पंचशीलाच्या शिवणाच्या डब्यात आली, आणि पुढचे पंधरा दिवस घरातल्या प्रत्येक ब्लाउजच्या हुकाला सुपारीचा वास येत राहिला.

पहिल्या दिवशी किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला. संघदीपनं मिलच्या गेटवर पगारवाढीची बातमी वाचून दाखवावी तसं गल्लीकडं पाहिलं. मग गाडी खोकली. मग मागून धूर आला, काळा, जाड, रेशमासारखा. आणि समोरच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी बघता बघता मागच्या पिढीच्या दिसू लागल्या.

"सेट व्हायला वेळ लागतो," संघदीप म्हणाला.

पंचशीला वयानं तीस वर्षांची, बी.ए. हिंदी-मराठी, आणि तिला यंत्रातलं काही कळत नाही हे घरात मान्य झालेलं होतं. तरी तिनं पावती उलटी करून वाचली आणि विचारलं, "खाली म्हणजे खाली, की खाली म्हणजे रिकामं?"

"म्हणजे?"

"तुकोजीभाऊ हिंदीतलं खाली म्हणाले असतील. चार नंबरला टोपी घालायचीच नाही."

संघदीपनं तिच्याकडं पाहिलं. जाणत्या माणसानं अडाण्याकडं पाहायची ती नजर जगातल्या सगळ्या नवऱ्यांना लग्नात आहेरात मिळते. पण मनात किंचित शंका आली असावी, कारण तो निकालासाठी जिना चढून गेला. तुकोजीलाच विचारता आलं असतं. पण तुकोजी मुलीच्या बाळंतपणाला बऱ्हाणपूरला गेला होता आणि शटरवर खडूनं लिहिलं होतं, 'शनिवार को मिलेंगे'.

अप्पासाहेबांनी पावती घेतली, पेन्सिल घेतली, आणि वाक्याचं व्याकरण चालवलं.

"ठेवायचा. क्रियापद मराठी. मराठी क्रियापद असलेल्या वाक्यात 'खाली' हे क्रियाविशेषण मराठीच घ्यावं लागतं. तुकोजीचे पणजोबा होळकरांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आलेले. असा माणूस 'ठेवायचा' म्हणून मराठीत सुरू झाल्यावर मध्येच हिंदी कसा होईल?"

"इंदुरात सगळे होतात, सर," पंचशीला जिन्याखालून म्हणाली.

"ती भ्रष्टता झाली. मी नियम सांगतोय."

असा एका मोटारीच्या इंजिनाचा निकाल व्याकरणानं लागला. पंचशीलानं म्हटलं, एकदा टोपी काढून तर बघा. तर संघदीप म्हणाला, टोपी काढली की वॉरंटी जाते.

मग डब्याची देखभाल सुरू झाली. रोज दुपारी संघदीप तो उघडी, सुया पुसी. पुसायला मैत्रीचं पेरूच्या वासाचं खोडरबर. शाळेत मैत्रीला बाईंनी विचारलं, खोडरबर कुठाय, तर ती म्हणाली, गाडीत. बाईंनी तिला बाकावर उभं केलं. सहा वर्षांच्या मुलीनं खरं बोलल्याची शिक्षा भोगली, आणि बापानं त्याच दुपारी लाल दिवा का लागतो ते तिला अर्धा तास समजावून सांगितलं. मांडीवर डबा, डब्याशेजारी मैत्री, आणि त्याच्या आवाजात ती जुनी, टाइम ऑफिसची गंभीर लय. मैत्री सगळं ऐके. तिला काहीच कळत नसे, पण ती मध्ये मध्ये "मग?" म्हणे, आणि तेवढ्यावर त्याचं चालत असे.

काळ्या धुराची गाडी रस्त्यावर काढायची तर कागद हवेत. धूर तपासणाऱ्यानं नळी आत घातली, आकडा पाहिला, नळी बाहेर काढली आणि विचारलं, "भिया, ये गाड़ी है या ईंट का भट्टा?" मग कुणीतरी सांगितलं, गाडीत नवी वस्तू बसवली की सरकारी नोंद करावी लागते. खिडकीतल्या बाबूकडं छापील फॉर्म होता. त्यात रंग बदलला, सीट बदलली, भोंगा बदलला, टेपरेकॉर्डर बसवला, एवढेच रकाने. संघदीपनं बाबूला डबा समजावला. अर्धा तास. मागं रांग वाढली. शेवटी बाबूनं विचारलं, "इसमें बत्ती जलती है?" जळते. "तार है?" आहेत. "तो टेपरेकॉर्डर," म्हणून त्यानं शिक्का मारला. धुराचा दाखला मात्र अजूनही नव्हता.

या सगळ्यात दिवस गेले. पंचशीलाचं फिटनेसचं सर्टिफिकेट सरकारी दवाखान्यातून शुक्रवारी संध्याकाळी हातात पडलं, आणि शनिवार शेवटचा दिवस. रात्री ती म्हणाली, "अहो, मी उद्या बसनंच जाते."

पण पहाटे तिला जाग आली तर तो नळावर दाढी करत होता. मिल बंद झाल्यापासून त्यानं सकाळी दाढी केली नव्हती. करायची तर दुपारी, कंटाळा आला की. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतं. पंचशीला त्याच्याकडं बघत राहिली आणि साडेसहाची बस तिनं स्वतःच्या हातानं जाऊ दिली. या गोष्टीबद्दल ती पुढं कुणालाही दोष देऊ शकली नाही, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

नऊला निघाले. संघदीप स्टिअरिंगवर, शेजारी भाऊराव हात छातीवर बांधून, मागं पंचशीला फाइल पोटाशी धरून, आणि मैत्री, कारण तिला शाळेला सुट्टी. सांवेर रोडवर धुराची उणीव नाही. तरी आपापल्या कारखान्यांच्या गेटवर उभे असलेले वॉचमन या गाडीकडं आदरानं बघत होते. तिसऱ्या चौकात शिपायानं हात केला.

"दाखला?"

संघदीपनं जो होता तो दिला. शिपायानं वाचला. "टेपरेकॉर्डर. कुठाय?" खण उघडला. लाल दिवा लुकलुकत होता. "बजाओ."

"हा वाजत नाही. हा कंप्यूटर आहे. बघा, इंजिन त्याला सांगतं..."

"कागज़ पे टेप है तो बजेगा."

भाऊरावांनी खिडकीतून बाहेर, अतिशय दूर पाहिलं. आणि मागच्या सीटवरून मैत्रीनं शाळेतली पावसाची कविता सुरू केली, हातवाऱ्यांसह, तिन्ही कडवी. शिपायानं टोपी मागं सरकवून पूर्ण ऐकली.

"आवाज़ साफ़ है," तो म्हणाला. "जाओ. पर धुआँ बंद कराओ."

पुढच्या दहा किलोमीटरात गाडी तीनदा थांबली आणि चौथ्यांदा मेली. जागा अशी, की एका बाजूला सोयाबीनचं शेत, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी आणि तिच्यातच एसटीडीचा पिवळा बूथ. अकरा वाजून पाच मिनिटं.

भाऊरावांनी बॉनेट उघडलं, वास घेतला आणि निदान केलं. "बुडलंय. पेट्रोल पिऊन तर्र आहे." मग मुलाकडं वळले. "चाळीस वर्षं ट्रक चालवले. नदीत चालवले, बर्फात चालवले. इंजिन कानानं कळतं रे. कान द्यावा लागतो त्याला. तू सगळ्या जगाला ऐकवत बसतोस."

संघदीपचे कान लाल झाले. डब्यातल्या दिव्यापेक्षाही. तो बूथकडं गेला आणि तुकोजीच्या दुकानाचा नंबर फिरवला. शनिवार होता, तुकोजी होता.

"तुकोजी, चार नंबर खाली म्हणजे काय?"

"खाली म्हणजे खाली, भिया," पलीकडून आवाज आला, टपरीभर ऐकू जाईल एवढा.

"तेच तर मी म्हणतोय."

"मग झालं की."

संघदीपनं रिसीव्हर ठेवला आणि विजयी मुद्रेनं बाहेर आला. "बघ. खालीच."

पंचशीलानं घड्याळ पाहिलं. एकशे सात नावं तिच्या डोळ्यांसमोर रांगेनं उभी राहिली, त्यातलं पहिलं तर पायात चपला घालून तयार. ती बूथमध्ये शिरली आणि तोच नंबर पुन्हा लावला.

"तुकोजीभाऊ, मी संघदीपच्या घरून. एकच सांगा. चार नंबरवर टोपी असायला पाहिजे की नको?"

"टोपी? टोपी कसली, भाभीजी? खाली बोललो ना मी. मोकळा. खाली." मग त्याच्या लक्षात आलं. "भियानं टोपी लावली का तिथं? अरे देवा. ती तर डबल साइझच्या इंजिनवाल्या मोठ्या गाडीची सेटिंग. इतक्यात तर मरायला पाहिजे होती गाडी."

"मेलीय," पंचशीला म्हणाली.

तिनं अंबाड्यातली पिन काढली, खणात हात घातला आणि चार नंबरची टोपी उचकटली. काळी, एवढीशी. ती तळहातावर घेऊन तिनं नवऱ्यासमोर धरली. "ठेवा. वॉरंटीला लागेल." भाऊरावांनी प्लग काढले, धोतराच्या सोग्यानं पुसले, चहावाल्याच्या शेगडीवर शेकले, परत घातले. किल्ली फिरवली. गाडी अशी सुरू झाली की जणू पंधरा दिवस ती फक्त हे ऐकायची वाट बघत होती.

स्टिअरिंगवर आता भाऊराव बसले. कुणी तसं ठरवलं नाही. संघदीप आपणहून मागं येऊन बसला. आणि मग पंचशीलानं पहिल्यांदा पाहिलं की आपले सासरे चालवतात म्हणजे काय. खड्डे त्यांच्यासाठी नव्हतेच. एका वळणावर म्हशी बाजूला झाल्या, ते हॉर्नमुळं नाही, रँकमुळं. संघदीपनं टोपी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली होती आणि तो बाहेर बघत होता. त्याच्या मानेवर, कानाच्या मागं, घाईत केलेल्या दाढीचा साबण वाळून राहिला होता. पंचशीलाच्या जिभेवर आणखी चारपाच चांगली वाक्यं तयार होती. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि तो साबण पुसला. वाक्यं मागं ठेवली. वाया जाणार नव्हती.

पिपल्याखेडीची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड. हेडमास्तर हातात कुलूप घेऊनच उभे होते. शनिवारची अर्धी शाळा. अकरा बावन्न. त्यांनी ऑर्डर पाहिली, सर्टिफिकेट पाहिलं, पुन्हा ऑर्डर पाहिली, कुलूप टेबलावर ठेवलं आणि रजिस्टर काढलं. पंचशीलानं सही केली. शेजारी त्यांनी जाड अक्षरात लिहिलं, पूर्वाह्न, म्हणजे बाराच्या आत. तिनं ते अक्षर वाळेपर्यंत पाहिलं.

"आएँगी कैसे रोज़?" त्यांनी विचारलं.

"गाडी..." ती म्हणाली.

"गाड़ी-वाड़ी छोड़िए मैडम. साढ़े छह की बस है. दूसरी मैडम भी उसी में आती हैं. सीधा गेट पे उतारती है. शाम को वही वापस."

पंधरा दिवस, एक डबा, एक व्याकरण, एक सरकारी टेपरेकॉर्डर आणि दोन शेजाऱ्यांच्या चादरी. सगळ्याचा हिशोब हेडमास्तरांनी अशा एका वाक्यात मोकळा केला. पंचशीला हसली. मान हलवली. बसनं यायचं ठरलं.

ती बाहेर आली तेव्हा लिंबाखाली गर्दी होती. शाळा सुटलेली पोरं घरी गेलीच नव्हती. गाडीचं बॉनेट उघडं, खण उघडा, आणि मधोमध संघदीप, बाह्या वर सारलेला. "देखो, इंजन उसको बोलता है, मैं गरम हूँ. ये बीच में बैठा है. ये सुनता है." चाळीस डोळे डब्यावर. एकानं विचारलं, "फिर?" आणि संघदीपनं टाइम ऑफिसच्या त्या जुन्या आवाजात पुढचं सांगायला घेतलं. कानाचा लाल रंग गेला होता. भाऊराव लांब बाकावर सुपारी कातरत होते आणि बघत नसल्यासारखे बघत होते.

मैत्री आईजवळ येऊन उभी राहिली. तिनं आईचं बोट धरलं आणि बापाकडं बराच वेळ पाहिलं.

"आई, तू रोज इथं येणार?"

"हो."

"बसनं?"

"हो, बाळा. सकाळी जाणार, संध्याकाळी परत."

"आणि शाळेतून आले की मी झोपणार. आजोबा पेपर तोंडावर घेऊन झोपणार." मैत्रीनं सगळं एकेक बोट मोडून पाहिलं, आणि एका बोटाशी थांबली. "मग आई, दुपारी पप्पा घरी कुणाला समजावून सांगणार?"